पाय चेपा, पण त्यात पित्ताशय शोधू नका

गेल्या उन्हाळ्यात मुलीने वाढदिवसाला मला रिफ्लेक्सॉलॉजीच्या, म्हणजे तळपायाचे बिंदू दाबून आतल्या अवयवांवर उपचार करतो म्हणणाऱ्या पद्धतीच्या, एका केंद्राचं कुपन दिलं. केंद्र आमच्या सोलापूरच्या जुळे सोलापूर या भागात. बाहेर ऊन असं की डांबराला चप्पल चिकटावी. आत एसी, बारीक आवाजात बासरी आणि लांब खुर्च्यांवर पाय पसरून पडलेले आम्ही पाच-सहा जण. समोरच्या भिंतीवर दोन तळपायांचं मोठं रंगीत चित्र होतं. अंगठ्यात मेंदू, आतल्या कडेने मणका, उजव्या पावलावर यकृत, डाव्यावर हृदय. चित्राखाली ठळक अक्षरांत तीन शब्द: 'पारंपरिक. नैसर्गिक. समग्र.'

माझे पाय ज्या पोराने हातात घेतले त्याचा हात छान होता. जोर कुठे द्यायचा आणि कुठे सोडायचा हे त्याला कळत होतं. उजव्या तळव्याच्या मध्यावर त्याचा अंगठा थांबला, तिथे मला जरा दुखलं, आणि तो गंभीर झाला. "काका, पित्ताशय जाम आहे तुमचं." मी म्हटलं, "अरे, ते आठ वर्षांपूर्वीच काढलंय. खडे झाले होते." क्षणभर तो गोंधळला. मग म्हणाला, "अवयव गेला तरी त्याची ऊर्जा राहते ना, काका." मी हसलो, तोही हसला, आणि पुढची वीस मिनिटं मी चक्क घोरलो. उठलो तेव्हा पाय कापसासारखे हलके झाले होते.

त्या दुपारी दोन गोष्टी घडल्या आणि दोन्ही खऱ्या आहेत. पाय चेपल्याने मला बरं वाटलं, आणि पाय वाचून केलेलं निदान साफ चुकलं. आपल्याकडे या दोन गोष्टी एकाच पुडीत बांधून विकल्या जातात. माझं म्हणणं एवढंच, की पुडी सोडा. पहिलीला मान द्या, दुसरीला आपल्या शहरात रोगाच्या नावाने पाटी लावू देऊ नका.

आधी 'पारंपरिक' या शब्दाकडे बघू. भिंतीवरचा तो नकाशा साधारण माझ्या आजोबांच्या वयाचा आहे. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्डला विल्यम फिट्झजेराल्ड नावाचे कान-नाक-घशाचे डॉक्टर होते. शरीराच्या एका भागावर दाब दिला की दुसरीकडचं दुखणं बधिर होतं, असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी शरीराचे उभे दहा पट्टे पाडले. १९१७ साली त्यावर पुस्तक आलं. पुढे चीनमध्ये नाव काढणारे आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस त्या वर्षी सोलापुरात सात वर्षांचे असतील. पुढे १९३०च्या दशकात फ्लोरिडातल्या युनिस इंगहॅम या फिजिओथेरपिस्ट बाईंनी ते पट्टे पावलांवर उतरवले, एकेका अवयवाला जागा नेमून दिली, आणि १९३८ साली आपलं पुस्तक काढलं. आज रिफ्लेक्सॉलॉजी म्हणून जे दाखवतात ते मुख्यतः या बाईंचं काम.

'चिनी पद्धत' म्हणून जे सांगतात त्याचीही गंमत आहे. तैवानमध्ये हा प्रकार घरोघरी पोचवणारा माणूस एक स्वित्झर्लंडचा मिशनरी पाद्री, फादर योसेफ यूगस्टर. आणि तोही गेल्या शतकाच्या उत्तरार्धात. चीनमध्ये पाय चोळण्याची जुनी रीत होतीच, पण ॲक्युप्रेशरच्या वाहिन्यांचा नकाशा वेगळा आणि फिट्झजेराल्डचे दहा पट्टे वेगळे. आपल्याकडच्या पाट्यांवर मात्र ॲक्युप्रेशर, रिफ्लेक्सॉलॉजी आणि चुंबक चिकित्सा एका ओळीत सुखाने नांदतात. इजिप्तमध्ये सक्कारा इथे अंख्महोरच्या थडग्यात चार हजार वर्षांहून जुनं एक चित्र आहे, त्यात माणसं एकमेकांचे हात-पाय हाताळताना दिसतात. तो पुरावा म्हणून दर माहितीपत्रकात छापतात. ती माणसं मालिश करताहेत, नखं कापताहेत की आणखी काही, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पायाला हात लावलेला दिसला की तिथे यकृताचा बिंदू आलाच, असं थोडंच असतं?

आपली स्वतःची परंपरा आहे, आणि ती या नकाशापेक्षा कितीतरी जुनी आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयात रोज अभ्यंग करायला सांगितलाय आणि पुढे म्हटलंय, 'शिरःश्रवणपादेषु तं विशेषेण शीलयेत्'. डोकं, कान आणि पाय यांना तेल विशेष करून लावा. चरकसंहितेत पायांना तेल चोळण्याचे गुण दिलेत: खरखरीतपणा, ताठरपणा, कोरडेपणा, थकवा आणि बधिरपणा जातो. डोळ्यांना प्रसन्नता येते असंही तिथे आहे, ते मी लपवत नाही. पण बोटाच्या पेरात सायनस आणि टाचेच्या वर मूत्राशय, असा आराखडा तिथे नाही. थकलेल्या पायाला तेल लावा, इतकी ती साधी गोष्ट आहे.

घराघरांत ती काशाच्या वाटीच्या रूपाने आली. माझी आजी उन्हाळ्यात रात्री तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने घासायची. तळवे काळेकुट्ट व्हायचे आणि ती म्हणायची, "बघ, केवढी उष्णता निघाली!" ती काळी शाई काशातल्या तांब्याची आणि तुपाची करामत, हे मला फार उशिरा कळलं. पण झोप मात्र खरी लागायची. आता तीच वाटी विजेच्या मोटरवर फिरते, आणि समोर बसलेला माणूस तळव्यावरचा काळा थर दाखवून 'शरीरातले टॉक्सिन' म्हणतो. आजीने कधी त्या काळ्या रंगाचे पैसे घेतले नव्हते.

आणि वारी. आषाढीच्या आधी शेगावहून गजानन महाराजांची पालखी चालत चालत सोलापुरात येते. वारकरी मुक्कामाला टेकले की शहरातली माणसं तेलाच्या बाटल्या घेऊन बसतात. कोण कुणाचे पाय चेपतोय याचा हिशेब नसतो. व्यापारी असतो, कॉलेजातली पोरं असतात, एकदा तर माझ्या शेजारी रिटायर्ड फौजदार बसला होता. फोड आलेले, भेगाळलेले, चिखलाने माखलेले पाय. पाय चेपायची आपली परंपरा हवी असेल तर ती तिथे आहे. तिथे मी कधी कुणाला 'माऊली, तुमचं स्वादुपिंड बिघडलंय' म्हणताना ऐकलेलं नाही.

बरं, परंपरा नसली म्हणून उपचार खोटा ठरत नाही. पेनिसिलिन कुठे परंपरेतलं आहे? तेव्हा सरळ विचारू: रिफ्लेक्सॉलॉजीने रोग बरा होतो का, आणि रोग ओळखता येतो का?

शरीरशास्त्र एवढं सांगतं की तळपायातल्या संवेदना नसांवाटे घोट्यामागून वर जातात, मणक्याच्या खालच्या भागात पोचतात आणि तिथून मेंदूकडे. तळव्यातून यकृताकडे जाणारी वेगळी तार कुणाला सापडलेली नाही. तरीही एखादी गोष्ट का चालते हे कळण्याआधी ती चालते हे कळू शकतं, म्हणून चाचण्या बघाव्यात. २००९ साली पर्यायी उपचारांचे अभ्यासक एडझार्ड अर्न्स्ट यांनी तोवरच्या १८ नियंत्रित चाचण्या एकत्र तपासल्या. कुठल्याही आजारावर रिफ्लेक्सॉलॉजी परिणामकारक असल्याचं पटण्याजोगं त्यांतून दिसत नाही, असा निष्कर्ष निघाला. दोन वर्षांनी २३ चाचण्या घेऊन पुन्हा पाहिलं, चित्र तेच. ऑस्ट्रेलियाच्या सरकारने अशा बऱ्याच उपचारांची छाननी करून १ एप्रिल २०१९ पासून रिफ्लेक्सॉलॉजीसह १६ प्रकार खासगी आरोग्य विम्यातून काढून टाकले.

निदानाची परीक्षा मला जास्त बोलकी वाटते, कारण ती माझ्या पित्ताशयाचीच मोठी आवृत्ती आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन रिफ्लेक्सॉलॉजिस्टना १८ जणांचे पाय तपासायला दिले. त्या माणसांना ठरावीक सहा आजारांपैकी एक किंवा अधिक आजार होते, पण कुणाला काय आहे हे तपासणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. पायांवरून आजार ओळखता आले नाहीत. इतकंच काय, त्या दोघांचं आपसातही जुळलं नाही.

दुसरी बाजू सांगायला हवी, नाहीतर मीही त्या माहितीपत्रकांसारखाच होईन. अमेरिकेत स्तनाच्या वाढलेल्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या ३८५ बायकांवर २०१२ साली प्रसिद्ध झालेली मोठी चाचणी झाली. काहींना रिफ्लेक्सॉलॉजी, काहींना साधंच पाय चोळणं, काहींना यांतलं काहीच नाही. रिफ्लेक्सॉलॉजीच्या गटात धाप लागण्याचा त्रास कमी झाला, हालचाल थोडी सुधारली. वेदना, मळमळ, चिंता यांत फरक पडला नाही. केमोथेरपीच्या काळात धाप कमी होणं ही लहान गोष्ट नव्हे. अशा बाईचे पाय कुणी प्रेमाने हातात घेत असेल तर मी मध्ये येणारा कोण? मात्र तिथेही त्या बायकांचे कर्करोगावरचे उपचार सुरूच होते. रिफ्लेक्सॉलॉजी सोबतीला होती, उपचारांची जागा तिने घेतली नव्हती.

आता मूळ कारणाकडे येतो, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो.

आमच्या शेजारी अक्का राहते. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी तेलुगू बायकांसारखी तिने चाळीस वर्षं विड्या वळल्या. मांडीवर सूप, त्यात तंबाखू आणि तेंदूची पानं, बोटं चाललेली आणि पाय दिवसभर दुमडलेले. बारा वर्षांपासून साखर आहे. दोन वर्षांपूर्वी जवळच्या एका सभागृहात मोफत तपासणीचं शिबिर लागलं. तिथे लाकडी काडीने तळपायाचा एकेक बिंदू दाबत होते. नियम सोपा: जिथे दुखेल तो अवयव बिघडलेला. अक्काच्या पायावर काडी फिरली आणि ती दर वेळी म्हणत राहिली, "नोप्पी लेदु." तेलुगूत म्हणजे दुखत नाही. माणूस खूश झाला. "आजी, स्वादुपिंडाचा पॉइंट एकदम मोकळा आहे तुमचा." अक्का घरी आली ती प्रसाद मिळाल्यासारखी.

तीन आठवड्यांनी सुनेला फरशीवर डाग दिसले. पावलाच्या आकाराचे, तांबूस. चप्पलेत एक खडा शिरला होता आणि अक्का तो दिवसभर पायाखाली घेऊन फिरली होती. तळव्याला रुपयाएवढी जखम. सिव्हिलला ड्रेसिंगच्या खेपा घालून ती भरायला अडीच महिने लागले. बोट वाचलं, नशीब.

काडीने जखम झाली नाही, हे मी स्पष्ट सांगतो. जखम खड्याने झाली. पण शिबिरातल्या त्या नियमाकडे नीट बघा. दुखलं तर आजार, नाही दुखलं तर निरोगी. मधुमेहाने नसा मेलेल्या पायात हे बरोबर उलटं असतं. तिथे न दुखणं हाच आजार! अक्काने दर बिंदूला दिलेलं उत्तर म्हणजे धोक्याची घंटा होती, आणि समोरच्याच्या नकाशात ती ऐकायची सोयच नव्हती. वेल्लोरला कुष्ठरोग्यांमध्ये काम करताना डॉ. पॉल ब्रँड यांनी हेच ओळखलं होतं. बोटं झडतात, पायाला व्रण होतात ते मुख्यतः दुखणं कळेनासं झाल्यामुळे. चटका बसला, खडा टोचला, हात आपोआप मागे येत नाही. वेदना ही पहारेकरी आहे; ती गप्प झाली म्हणजे चोर गेले असं नसतं.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, प्रौढांमध्ये ११.४ टक्के. अशा देशात तळपायावर दाब देऊन तब्येत सांगणारी पद्धत निरुपद्रवी आहे, असं मला म्हणता येत नाही. गर्भारपणात, मोठ्या ऑपरेशननंतर किंवा बराच काळ अंथरुणात पडून राहिल्यावर एकच पाय सुजला आणि आत रक्ताची गुठळी असली, तर तो पाय चोळणं तर जिवावर बेतू शकतं. 'नैसर्गिक आहे, अपाय काय होणार' हे वाक्य म्हणूनच मला नको वाटतं.

मात्र सगळं खापर त्या शिबिरावर फोडून मी मोकळा होणार नाही. अक्का बारा वर्षं साखरेच्या गोळ्या घेतेय. दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या दवाखान्यात जाते. शिबिराआधीच्या दहा वर्षांत तिला एकदाही कुणी 'चप्पल काढा, पाय बघू' म्हटलं नव्हतं. दहा ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा एक धागा असतो, तो तळव्याला टेकवून 'कळतंय का' विचारायचं. दोन-तीन मिनिटांचं काम. ते त्या शिबिराआधी झालं असतं तर? तिच्या पायाला हात लावणारा, तिच्याशी बोलत अर्धा तास बसणारा पहिला माणूस त्या शिबिरातला होता. मग तिने कुणावर विश्वास ठेवायचा? ओपीडीतल्या डॉक्टरसमोर दीडशे माणसांची रांग असते हे मला कळतं. पण रिफ्लेक्सॉलॉजीची केंद्रं आकाशातून पडलेली नाहीत. आपल्या दवाखान्यांनी पायाकडे आणि माणसाकडे बघायचं सोडलं, त्या मोकळ्या जागेत ती उगवली आहेत.

'समग्र' हा शब्द मला इथेच खटकतो. समग्र म्हणजे सगळ्याकडे बघणारं, ना? मी पंचवीस वर्षं यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेब लिहिले. बारा-बारा तासांच्या पाळीत दोन-दोन, चार-चार मागांच्या मधे फेऱ्या मारणारी माणसं पाहिली. संध्याकाळी त्यांच्या पिंढऱ्यांवरच्या निळ्या शिरा फुगून दोरीसारख्या दिसायच्या. असा माणूस पाय दुखतात म्हणून आला, तर समग्र बघणारा आधी विचारेल: किती तास उभा असतोस? मधे बसायला मिळतं का? पायात काय घालतोस? तंबाखू खातोस का? साखर कधी तपासलीस? टेरी टॉवेलच्या तंतूंनी भरलेल्या शेडमध्ये झिजलेली स्लीपर घालून उभ्या असणाऱ्या माणसाला 'तुमचा किडनीचा पॉइंट कमजोर आहे' सांगणं यात समग्र काय आहे? उलट अख्खा माणूस, त्याची पाळी, त्याचा पगार, त्याचं घर, सगळं तळव्याच्या वीतभर चित्रात कोंबलं जातं.

कुणी म्हणेल, मग डॉक्टर तरी कुठे धुतल्या तांदळाचे? नको त्या तपासण्या, नको ते स्टेंट, कमिशन... मान्य. त्यावर लिहायला मी कधीही तयार आहे. पण एका दुकानात माप मारतात म्हणून शेजारच्या दुकानात वजनकाटाच नको, असं कुणी म्हणत नाही.

आता ज्या पोराने माझे पाय चेपले त्याच्याविषयी. बोलता बोलता कळलं की त्याचे वडील न्हावी, चंपी-मालिश त्यांच्याकडूनच हाताला लागलेली. म्हणजे त्याच्या हातात जे खरं कौशल्य होतं ते घरचं होतं, आणि नकाशा तेवढा बाहेरचा. वडिलांना लोक 'मालिशवाला' म्हणायचे आणि पन्नास रुपये द्यायलाही घासाघीस करायचे. मुलगा 'थेरपिस्ट' झाला आणि कुपनं छापली गेली. बाळंतिणीला आणि बाळाला तेल लावणाऱ्या मावशींचंही तेच. त्यांच्या बोटांतलं ज्ञान आपण कधी ज्ञान मानलं नाही, म्हणून त्यांच्या पोरांना परदेशी नाव आणि रंगीत अवयव घ्यावे लागतात. पाय चेपणं हे सन्मानाचं, घामाचं आणि चांगल्या पैशाचं काम असायला काहीच हरकत नाही. उलट असावंच. त्याला आधार म्हणून खोट्या पित्ताशयाची गरज पडू नये.

कायद्याचं सांगायचं तर १९५४ चा औषधे आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा आहे, त्याच्या यादीत मधुमेह आहे. पण तो औषधांबद्दल आणि मंत्र-ताईतांसारख्या उपायांबद्दल बोलतो. अंगठ्याचा दाब त्यात कितपत बसतो हा वकिलांचा विषय. ॲक्युपंक्चरसाठी महाराष्ट्रात २०१५ चा स्वतंत्र कायदा आणि परिषद आहे. रिफ्लेक्सॉलॉजीला तसं काही नाही, आणि नुसती नोंदणी करून तिला सरकारी शिक्का मिळावा असं मला वाटतही नाही. मला पाहिजे ते यापेक्षा साधं आहे. महापालिकेने परवाना देताना पाटीवर रोगाचं नाव येऊ देऊ नये. 'थकलेल्या पायांना आराम' लिहा, खुशाल लिहा. 'मधुमेह, थायरॉईड, मूळव्याधीवर उपाय' नको. मधुमेही, गरोदर आणि सुजलेल्या पायाच्या माणसाला आधी डॉक्टरकडे पाठवायची सक्ती असावी. आणि नागरी आरोग्य केंद्रांत साखर तपासतात त्याच टेबलावर तो नायलॉनचा धागा ठेवावा. विडी कामगारांच्या वस्त्यांत तर आधी.

कोटणीस १९३८ साली चीनला गेले ते शस्त्रक्रिया करायला. युद्धभूमीवर चार वर्षं जखमा धुतल्या, शिवल्या, आणि बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. त्या देशाचं नाव आज त्यांच्याच गावात तळपायाच्या नकाशाखाली वापरलं जातं. भैय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकावरून जाताना हे कधी कधी मनात येतं.

अक्काची जखम भरली. आता रोज रात्री सून जमिनीवर हातआरसा ठेवते, अक्का त्यावर एकेक पाऊल धरते आणि सून मोबाईलच्या उजेडात तळवा तपासते. बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या करते, मग तेल लावते. जोर न देता, बेचक्या सोडून. परवा मी ओट्यावर बसलो होतो. विचारलं, "अक्का, दुखतंय का कुठे?"

"नोप्पी लेदु," ती म्हणाली, आणि सुनेने आरसा अजून जवळ ओढला.